दूरदेशीचा उठाव मुंबईत बसून कसा समजून घ्यावा

११ फेब्रुवारी २०११ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाल्याची बातमी मी दादरच्या घरी ऐकली, मनापासून आनंदलो आणि दुसऱ्या दिवसापासून इजिप्तच्या बातम्या पाहणे सोडून दिले. ती माझी चूक होती, आणि पुढचा उठाव पाहताना ती कोणी करू नये यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात राजवटीच्या वयापासून करावी. आधीचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाल्यावर ऑक्टोबर १९८१ मध्ये मुबारक सत्तेवर आले आणि तेव्हा लागू झालेली आणीबाणी त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत उठली नाही. आपल्याकडची आणीबाणी २१ महिन्यांची होती आणि तिच्या आठवणी घराघरांत अजून निघतात. हे लक्षात घेतले, की आंदोलनाचे केंद्र असलेल्या कैरोच्या तहरीर चौकातल्या तिशीच्या तरुणाने दुसरा राज्यकर्ता पाहिलेलाच नव्हता, याचा अर्थ कळतो. तात्कालिक कारण मात्र बहुधा लहान असते. सुदानमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये पावाचे दर वाढले आणि अतबारा या रेल्वेच्या गावात लोक रस्त्यावर आले. ती ठिणगी होय. खरे कारण ओमर अल-बशीर यांच्या १९८९ पासूनच्या राजवटीत शोधावे.

चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी वेळ ताडून पाहावी. हिवाळ्यात कैरोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे आपल्या दुपारी बाराला ‘आत्ताचे’ म्हणून आलेले कैरोतील भरदुपारचे दृश्य आदल्या दिवसाचे किंवा त्याहून जुने असणार. आणि बातम्या अचानक आटल्या म्हणजे आंदोलन थंडावले, असे समजू नये. २८ जानेवारी २०११ च्या पहाटेपूर्वीच इजिप्त सरकारने इंटरनेट तोडले, आणि त्याच शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, लोक तोवरच्या सर्वांत मोठ्या संख्येने बाहेर पडले.

गर्दीच्या आकड्यांबाबत मुंबईकराने स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवावा. सैल गर्दीत चौरस मीटरला साधारण एक माणूस असतो, दाट गर्दीत दोन ते तीन, आणि चारच्या पुढे चालणेही कठीण होते. लोकलच्या डब्यातली दाटी तासन्‌तास उघड्या चौकात टिकत नाही. मैदानाचे क्षेत्रफळ नकाशावर मोजून गुणाकार केला, की दोन्ही बाजूंचे दावे तपासता येतात.

तरीही गर्दीपेक्षा बंदूक हाती असलेल्या माणसाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण निर्णय बहुतेक वेळा तिथे होतो. पोलीस, गुप्तचर दल, राष्ट्राध्यक्षांचे रक्षक आणि नियमित सैन्य यांना ‘सुरक्षा दले’ या एका शब्दात गुंडाळू नये. ६ एप्रिल २०१९ रोजी सुदानचे आंदोलक खार्टूममधील लष्करी मुख्यालयासमोरच ठाण मांडून बसले. ही तारीख त्यांनी जाणून निवडली होती, कारण १९८५ मध्ये याच दिवशी सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निमेरी यांची सत्ता गेली होती. गुप्तचर दलाने गोळ्या झाडल्या तेव्हा काही कनिष्ठ सैनिक आंदोलकांच्या बचावाला उभे राहिले, आणि पाच दिवसांनी सेनापतींनी बशीर यांना हटवले. याउलट सीरियात २०११ मध्ये अनेक सैनिक फुटले, पण सैन्याचा गाभा राष्ट्राध्यक्ष असद यांच्यामागे राहिला. उठावाचे यादवी युद्ध झाले आणि ती राजवट कोसळायला ८ डिसेंबर २०२४ उजाडले.

पतनाच्या दिवशी घोषणा कोण वाचतो, हे अवश्य टिपून ठेवावे. मुबारक यांचा राजीनामा त्यांचे उपाध्यक्ष ओमर सुलेमान यांनी वाचला आणि सत्ता लष्करी मंडळाकडे गेली. पुढे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी वर्षभरच टिकले. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना दूर केले. खार्टूममध्ये तर बशीर गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३ जूनला, तेच धरणे रक्त सांडून उधळले गेले, ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा लष्करी बंड झाले आणि एप्रिल २०२३ पासून सैन्य व निमलष्करी दल यांच्यातील युद्धात शहर उद्ध्वस्त झाले.

म्हणून नोंदवहीतील अर्धी पाने राजीनाम्यानंतरच्या काळासाठी कोरी ठेवावीत आणि निदान दोन वर्षे त्यांत लिहीत राहावे: राजकीय कैदी सुटले का, आणीबाणीचा कायदा उठला का, निवडणुकीची तारीख कितीदा पुढे गेली, आणि चौकात पहिल्या दिवशी उभे असलेले लोक आता कुठे आहेत.