कापडातला सेन्सर आणि रोबो: या चुका टाळा

कोपरावर विणलेला सेन्सर चढवून त्याच्या आधारे रोबोचा हात चालवताना हालचाल बिघडली, की बहुतेक जण सर्वप्रथम प्रोग्रॅम तपासायला घेतात. माझ्या मते तपासणी धाग्यापासून सुरू व्हायला हवी.

चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याची विणलेली पट्टी ताणली, की टाके एकमेकांना कुठे आणि किती घट्ट टेकतात हे बदलते आणि त्याबरोबर पट्टीचा विद्युत रोधही बदलतो; हा रोध म्हणजेच सेन्सरचा आकडा. हात वाकवून अगदी स्थिर धरला, तरी हे टाके हळूहळू सरकत राहतात; त्यामुळे आकडाही काही वेळ सरकतच राहतो आणि हात हलतो आहे, असे रोबो समजतो. शिवाय एकाच कोनाला हात वाकवताना एक आणि सरळ करताना दुसरा आकडा मिळतो. म्हणून फक्त वाकवतानाच्या नोंदींवर विसंबून कोनाचे गणित बसवू नये. नोंदी दोन्ही दिशांच्या आणि निरनिराळ्या वेगांच्या घ्याव्यात, तसेच नवी पट्टी आधी पुष्कळदा ताणून सोडून मगच वापरावी.

संकेत मधूनच तुटत असेल, तर मऊ धागा कडक सर्किट बोर्डाला जिथे मिळतो तो सांधा पाहावा. नायलॉनच्या धाग्यावर थेट सोल्डर केल्यास तो उष्णतेने वितळतो. त्याऐवजी धातूचे टिचबटण लावावे आणि सांध्याजवळ धागा थोडा सैल सोडावा. कापड टेबलावर सपाट पसरून रोध मोजणे पुरेसे नाही, मल्टिमीटर जोडलेला असतानाच ते वाकवून पाहावे. धुण्याने मुलामा झिजतो, त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर आकडे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

कापडातल्या सेन्सरने ताणाऐवजी स्नायूंचे विद्युत संकेत टिपायचे असतील, तर नोंदींचा वेगही पाहावा. या संकेतांचा उपयुक्त भाग साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये (सेकंदाला तितक्या कंपनांमध्ये) असतो, म्हणून सेकंदाला निदान १००० नोंदी हव्यात. संकेतांवरून हालचाल ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या शिकवणीतही आणि चाचणीतही एकाच व्यक्तीच्या नोंदी वापरल्या, तर अचूकता फसवी निघते; चाचणीची माणसे पूर्णपणे वेगळी ठेवावीत.

सर्वांत गंभीर चूक सुरक्षेची आहे. माणसासोबत काम करणाऱ्या रोबोंसाठी २०१६ साली आलेल्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या दस्तऐवजात शरीराच्या भागांनुसार बल आणि दाब यांच्या मर्यादा दिल्या आहेत, आणि अंगातल्या कपड्यावरचा सेन्सर त्या मर्यादांची जागा घेऊ शकत नाही. रोबो संथ गतीने चालू असताना आणि जवळ कोणी उभे नसताना सेन्सरची जोडणी मुद्दाम उपटून पाहावी: शेवटचा आकडा खरा मानून रोबो पुढे सरकत राहिला, तर तो माणसाशेजारी चालवू नये.