विहिरीच्या पाण्यातलं नायट्राइट: आधी रंग नीट येऊ द्या, मग सेन्सर लावा

वावरातल्या विहिरीला लागून उकिरडा असेल, तर पाण्यात नायट्राइट उतरलंय का हे गावच्या शाळेतल्या प्रयोगशाळेतही पाहता येतं. मूळ पद्धत पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, 1879 सालची. आज वापरतात ती सुधारलेली. आम्लात नायट्राइटची सल्फानिलामाइडशी क्रिया होऊन डायझोनियम हे नाजूक संयुग तयार होतं, ते एनईडी या रसायनाला जोडलं जातं (हेच कपलिंग) आणि गुलाबी रंग येतो. उजेड मोजणाऱ्या सेन्सरला नायट्राइट दिसत नाही, हा रंग दिसतो. कपलिंग अर्धवट राहिलं की आकडा कमी येतो, सर्किट कितीही चांगलं असो.

अभिकर्मक (रंग आणणारं मिश्रण) असा करा: 80 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 85 टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल 10 मिली हळूहळू ओता. आम्लात पाणी ओतू नका. 1 ग्रॅम सल्फानिलामाइड पूर्ण विरघळवा, मग 0.1 ग्रॅम एनईडी डायहायड्रोक्लोराइड टाका आणि 100 मिली करा. तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं. त्याआधीच गडद तपकिरी झालं तर फेका. हातमोजे घालूनच काम करा.

तुलनेसाठी 0.150 ग्रॅम सोडियम नायट्राइट 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. हे लिटरला 100 मिग्रॅ नायट्राइट झालं. त्यातलं 10 मिली पुन्हा 1 लिटर केलं की 1 मिग्रॅ. यापासून 0.1, 0.2 आणि 0.5 मिग्रॅची प्रमाणित द्रावणं बनवा. सोडियम नायट्राइट दिसायला खायच्या मिठासारखं, पण विषारी, कुलपातच ठेवा.

10 मिली नमुन्यात 0.4 मिली अभिकर्मक घाला, हलवा, 10 मिनिटं थांबा आणि दोन तासांच्या आत मोजा. अभिकर्मक वाचवायला दोन थेंबांवर भागवू नका. क्रिया साधारण पीएच 2 ला नीट चालते आणि पाण्यातला बायकार्बोनेट आम्ल खातो. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी घेतलं तर हे हमखास होतं. पुरेसं आम्ल असेल तर निभतं. नायट्राइट तपासायच्या कागदी पट्टीवर आम्ल थोडंच असतं, तिथे पाण्यात नायट्राइट असूनही पट्टी कोरी राहू शकते.

बायकार्बोनेटची दुसरी खोड सेन्सरला भोवते. आम्ल पडताच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बारीक बुडबुडे काचेच्या आतून चिकटतात. उजेड विखुरतो आणि रंग नसतानाही नायट्राइटचा आकडा चढतो. नळी बोटाने टिचकी मारून बुडबुडे उडवा, बाहेरून पुसा, मगच मोजा.

मे महिन्यात खोली 40 अंशांच्या वर जाते. डायझोनियमला उष्णता सोसत नाही, नायट्रोजन सोडून ते मोडतं. म्हणून आधी सल्फानिलामाइड आणि पाच मिनिटांनी एनईडी अशी दोन टप्प्यांची रीत उन्हाळ्यात टाळा. वरच्या मिश्रणात ते तयार होताच जोडलं जातं. नळ्या माठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात उभ्या ठेवा, प्रमाणित द्रावणंही त्याच भांड्यात.

ब्लिचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचा नमुना त्या दिवशी घेऊ नका. क्लोरीन नायट्राइट संपवतो. रंग येऊन पिवळट झाला तर नायट्राइट फार आहे, नमुना 10 पट पातळ करा. गढूळ पाणी गाळा. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासा, जिवाणू आकडा बदलतात.

सेन्सरसाठी हिरवा एलईडी घ्या, साधारण 525 नॅनोमीटरचा. रंगाचं शोषण 540 च्या आसपास असतं. लाल एलईडीला हा रंग जवळजवळ दिसत नाही. एलईडीला 330 ओहमचा रोधक. समोर उजेड टिपणारा बीपीडब्ल्यू34 फोटोडायोड, कॅथोड 5 व्होल्टला, ॲनोड 100 किलोओहममधून ग्राउंडला, मधलं टोक आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ए0 पिनला. डबा आतून काळा. एलईडी बंद असतानाचा आकडा प्रत्येक वाचनातून वजा करा. कोरं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, अभिकर्मकासह) 1023 ला, म्हणजे बोर्डाच्या कमाल आकड्याला, टेकलं तर 100 किलोओहमचा रोधक कमी करा, 800 च्या आसपास आणा. कोऱ्याचा आकडा भागिले नमुन्याचा, त्याचा लॉग घ्या आणि प्रमाणित द्रावणांच्या अशाच आकड्यांवरून आलेखावर काढलेल्या रेषेवर बसवा. एलईडी पाच मिनिटं तापू द्या, तापताना त्याचा उजेड घसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेची नायट्राइटची मर्यादा लिटरला 3 मिग्रॅ आहे, म्हणजे तुमची रेषा तिच्यापेक्षा खूप खाली संपते. नायट्रेट (भारतीय मानकात 45 मिग्रॅ) या चाचणीत दिसत नाही. उरलेलं रंगीत पाणी विहिरीजवळ ओतू नका.