वर्ग फोर्टात भरत नाहीत: मुंबई विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी लांज्याजवळच्या एका गावातली. बी.ए. तालुक्यातल्या महाविद्यालयात झालं. तीन वर्षं गुणपत्रिकेवर 'मुंबई विद्यापीठ' हे नाव वाचत होते, पण विद्यापीठ डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मनात त्याचं एकच चित्र होतं, फोर्टातल्या राजाबाई टॉवरचं. त्यामुळे एम.ए.च्या प्रवेशाला कागदपत्रं घेऊन बोलावलं, त्या सकाळी मी डोंबिवलीहून आत्याच्या घरून निघाले ती थेट फोर्टला गेले. फाटकावरच्या काकांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, "ताई, वर्ग इथं नाही भरत. तुम्हाला कलिनाला जायचंय." तिथून चर्चगेट, मग सांताक्रूझ, पूर्वेला उतरून बस. पोचेपर्यंत साडेबारा वाजले होते. चूक माझीच होती, कारण कागदावर 'विद्यानगरी, सांताक्रूझ (पूर्व)' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मला तो विद्यापीठाच्या पत्त्याचा एखादा तुकडा वाटला, वेगळी जागा आहे हे लक्षातच आलं नाही.

दोन वर्षं तिथे इतिहास शिकल्यावर कळलं की माझा हा गोंधळ विद्यापीठाच्या जन्माशी जाऊन पोचतो. दरवर्षी गावाकडची दोन-तीन मुलं मला फोन करून हेच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

१८५४ साली चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्यातून १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. मुंबईची तारीख १८ जुलै. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचं मात्र महाविद्यालयांनी. सुरुवातीला या विद्यापीठाला एकही वर्ग नव्हता. स्वतःची इमारत होईपर्यंत त्याचं कामकाज टाउन हॉलमध्ये चालायचं. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि ते शिकले एल्फिन्स्टन महाविद्यालयात.

महाविद्यालय शिकवतं आणि विद्यापीठ परीक्षा घेतं, ही वाटणी आजही बऱ्याच अंशी तशीच आहे. म्हणूनच लांज्याला बसून मी मुंबई विद्यापीठाची विद्यार्थिनी होते. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांतली महाविद्यालयं या विद्यापीठाला संलग्न आहेत. बारावीनंतर बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला जाणाऱ्याचा रोजचा संबंध महाविद्यालयाशीच येतो. प्रवेश, हजेरी, बोनाफाईड, अंतर्गत परीक्षा, परीक्षेचा अर्ज हे सगळं तिथेच होतं. विद्यापीठाच्या विभागात माणूस शिकायला येतो तो बहुतेक पदवीनंतर.

सात जिल्हे ऐकून मोठा पसारा वाटतो, पण एके काळी तो याहून कितीतरी मोठा होता. गुजरात, कर्नाटकाचा मुंबई इलाख्यातला भाग आणि सिंध इथली मुलं याच परीक्षांना बसायची. गांधीजींनी १८८७ साली दिलेली मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच होती. पुण्याचं स्वतंत्र विद्यापीठ १९४९ साली झालं, म्हणजे तोवर पुण्यातली महाविद्यालयंही मुंबईकडेच होती. जुन्या चरित्रांत 'मुंबई विद्यापीठाचे पदवीधर' असं वाचलं की तो माणूस मुंबईत शिकला असं धरू नका. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या पहिल्याच टिपणात मी ही चूक केली होती.

तुटून वेगळं होणं अजूनही थांबलेलं नाही. ज्या एल्फिन्स्टनमध्ये रानडे-भांडारकर शिकले, ते आता मुंबई विद्यापीठात नाही. ते, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही महाविद्यालयं २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. के.सी. आणि एच.आर. ही एचएसएनसी विद्यापीठात गेली. प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या प्रसिद्धीवर जाऊ नका, पदवी कोणतं विद्यापीठ देणार ते आधी विचारून घ्या.

आता जागांकडे येते, आणि सुरुवात फोर्टपासूनच करते. दीक्षान्त सभागृह १८७४ साली पुरं झालं, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८ साली. आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे होते आणि त्यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवलं नाही. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीत ते गब्बर झाले, आणि ग्रंथालयासाठी दोन लाख व टॉवरसाठी आणखी दोन लाख रुपये त्यांनी दिले. टॉवरला नाव आईचं. उंची २८० फूट. पण मला यातली सर्वांत आवडती गोष्ट दगडाची आहे. हा पिवळसर दगड कुर्ल्याचा. मी रोज कुर्ल्याला लोकलमधून उतरून कलिनाला जायचे. टॉवरचा दगड जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी जिथून फोर्टला गेला, त्याच्याच शेजारी पुढे विद्यापीठाचे वर्ग आले.

२०१८ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीतल्या समूहाचा भाग आहे. आज फोर्टला मुख्यतः प्रशासनाची दालनं आणि ग्रंथालय आहे. नव्या विद्यार्थ्याने तिथे कामासाठी क्वचितच जावं, पण वाचायला जरूर जावं. रंगीत काचांतून उजेड येतो त्या दालनात बसून मी प्रबंधिकेचं निम्मं वाचन केलं. आणि फोर्टला गेलात की शेजारी काय काय आहे ते बघा: एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार (जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर), चालत काही मिनिटांवर टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. मी आठवड्यातला एक दिवस या पट्ट्यासाठी ठेवला होता. पूर्वी हा प्रवास लोकल आणि बसमध्ये दीड तास खायचा. आता भुयारी मेट्रो सांताक्रूझहून थेट हुतात्मा चौकात येते, याचा खरोखर हेवा वाटतो.

शिकवण्याचं काम विद्यापीठाने स्वतःकडे घेतलं ते विसाव्या शतकात. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख, आणि त्यांच्यानंतर तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी घडवला. १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आला. पुढे माटुंग्याला वाढलेला हा विभाग आज आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) या नावाने स्वतंत्र आहे. विभाग वाढत गेले तशी फोर्टची जागा अपुरी पडली आणि कलिनाच्या मोकळ्या जमिनीवर विद्यानगरी उभी राहिली.

हे संकुल दोनशेहून जास्त एकरांचं आहे. पहिल्या दिवशी 'विभाग कुठे आहे' असं विचारू नका, भवनाचं नाव विचारा. रानडे भवन, टिळक भवन, आंबेडकर भवन, फिरोजशहा मेहता भवन अशी नावं आहेत. फाटकापासून शेवटच्या भवनापर्यंत चांगलीच चाल पडते, पावसात जास्तच. परीक्षा विभागाचं महात्मा ज्योतिराव फुले भवनही इथेच आहे, तेव्हा गुणपत्रिकेच्या कामासाठी फोर्टला जाऊ नका. दूरशिक्षणाची संस्थाही याच संकुलात. १९७१ साली पत्राद्वारे शिक्षण म्हणून ती सुरू झाली. नोकरी करत पदवी घेणाऱ्या कितीतरी लोकांना विद्यापीठ म्हणजे तीच एक इमारत माहीत असते. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढून घ्या. मी दोन महिने टाळलं आणि तेवढे दिवस झेरॉक्सवर भागवलं, ते करायला नको होतं.

राहण्याचं आधीच बघा. वसतिगृहांच्या जागा मागणीपुढे फार थोड्या आहेत. मिळेल असं धरून गावाहून सामान घेऊन येऊ नका. पहिल्या दोन महिन्यांची सोय नातेवाइकांकडे किंवा चार मैत्रिणी मिळून खोली घेऊन करा, आणि अर्ज मात्र पहिल्या दिवशी टाका.

ठाण्यात बाळकुमला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाचा उपपरिसर आहे, कल्याणला अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानाचा. तिथे मी शिकले नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते रत्नागिरीबद्दल.

रत्नागिरीचा उपपरिसर १९८९ पासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे. आता त्याला चरित्रकार धनंजय कीर यांचं नाव दिलंय. ते रत्नागिरीचे, आंबेडकर आणि फुले यांची त्यांनी लिहिलेली चरित्रं आम्ही वर्गात संदर्भाला वापरायचो. माझ्या घरापासून हा उपपरिसर तासाभरावर होता आणि बी.ए. संपेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, कारण पुढे शिकायचं म्हणजे मुंबई गाठायची हे घरात ठरलेलंच होतं. भांडारकर मालवणात जन्मले, रत्नागिरीत शिकले आणि पुढच्या शिक्षणाला मुंबईला गेले. पुढे १८९३ साली ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या काळी दुसरा मार्गच नव्हता. आज मात्र सिंधुदुर्गासाठीही सावंतवाडीला उपपरिसर झाला आहे.

माझ्या मामेबहिणीने रत्नागिरीतच पदव्युत्तर शिक्षण घेतलं. अभ्यासक्रम मोजके, ग्रंथालय कलिनाच्या मानाने लहान. पण तिच्या वर्गात इतकी कमी मुलं होती की शिक्षक प्रत्येकाचं लेखन ओळीने वाचायचे, आणि ती रोज संध्याकाळी घरी असायची. मी दिवसाचे चार तास गाडीत घालवत होते. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलामुलींना मी आधी विचारते: तुमचा विषय तिथे आहे का? असेल तर आधी एक दिवस तिथे जाऊन बसा, शिक्षकांशी बोला, मग ठरवा. नसेल, किंवा तुमचं काम पुराभिलेखागाराशिवाय होणारच नसेल, तर मुंबईला या. विषय न बघता फक्त मुंबईसाठी मुंबईला येऊ नका, असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रांचं शेवटी सांगते. सोळा आकडी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, पदवीपासून तोच राहतो, तो पाठ असू द्या. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचं काम पहिल्या सत्रातच उरका, निकालाच्या वेळी ते अंगाशी येतं. बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव, आडनाव, स्पेलिंग जुळतंय का ते आत्ताच बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या नावातलं एक अक्षर वेगळं होतं आणि पदवी प्रमाणपत्र हातात यायला पुढे आठ महिने गेले. आणि कोणत्याही कामाला निघण्यापूर्वी कागदावरचा पत्ता शेवटपर्यंत वाचा: फोर्ट, विद्यानगरी, ठाणे, कल्याण, रत्नागिरी की सावंतवाडी.