दसऱ्याआधी आरोग्य केंद्रात दम्याची तयारी

दसरा आला की सोयाबीनच्या मळणीची धूळ, वेचणीचा कापूस आणि मग जिनिंग, हे सगळं एकामागून एक लागतं. रात्री दोनला मोटारसायकलवर मधे बसवून आणलेला, धाप लागलेला माणूस दारात येतो. जिल्ह्याचा दवाखाना लांब असतो, म्हणून पहिला तास आपल्याच हातात आहे असं धरून तयारी करा.

आधी ऑक्सिजन. सिलिंडर भरलेलं आहे एवढ्यावर थांबू नका, ते उघडायची चावी कुठे आहे ते बघा. आमच्याकडे एका रात्री सिलिंडर भरलेलं होतं आणि चावी कुलूपबंद स्टोअरमध्ये. तेव्हा खाटेची कड धरून बसलेली ती बाई मला अजून दिसते. आता चावी सुतळीने सिलिंडरलाच बांधलेली असते. भरलेलं बी टाइप सिलिंडर साधारण 1500 लिटरचं, मिनिटाला 6 लिटर सोडलं तर चार तास पुरतं. मोठ्या माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन 93 ते 95 टक्क्यांवर ठेवायचा. तो बोटावर मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचे सेल आजच बदला.

औषधाची वाफ देणारं मशीन (नेब्युलायझर) लाईट गेली की बंद पडतं, आणि लाईट जातेच. म्हणून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, हवाच. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून दिला तर बहुतेक रुग्णांना मशीनइतकाच गुण येतो. मोठ्यांना 4 ते 10 पफ, पाच वर्षांखालच्या लेकरांना मास्क लावून 2 ते 6, पहिला तासभर दर 20 मिनिटांनी. एक पफ, चार-पाच श्वास, मग पुढचा. स्पेसर मिळालाच नाही तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागतं, पण ती बाटली आधीच करून ठेवा.

प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या पंप आणि स्पेसरच्याच ट्रेमध्ये असू द्या. मोठ्यांना 40 ते 50 मिलिग्रॅम. गुण यायला चारेक तास जातात, म्हणून ‘आधी वाफ देऊन बघू’ म्हणत थांबू नका. थिओफायलीन या दम्याच्या जुन्या औषधाची इंजेक्शनं आणि झोपेची औषधं या ट्रेमध्ये नकोतच.

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: वाक्य पुरं बोलता येत नाही, नाडी 120 च्या वर, ऑक्सिजन 90 च्या खाली, की लगेच 108. छातीतली शिट्टी बंद झाली आणि रुग्ण सुस्तावला, तर तो बरा होत नाहीये, हातचा जातोय. गाडी येईपर्यंत ऑक्सिजन चालू ठेवा, वाफेत इप्राट्रोपियम हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध घाला.

मोकळं वाटलं की घरी पाठवायची घाई होते. पण प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच-सात दिवसांच्या द्या, रोजचा स्टेरॉइडचा पंप सुरू करा आणि समोर बसवून ओढायला लावा. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती आशाताईंनी घरी जाऊन काढली तरच निघते. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची नावं आत्ताच काढा. कोयता एकदा निघाला की सहा महिने भेट नाही, तेवढे पंप त्यांच्या गाठोड्यात आधीच गेले पाहिजेत.