वापरलेलं स्कायडायव्हिंग हार्नेस अंगाला बसेल का, हे कसं तपासाल

विकणाऱ्याची उंची तुमच्याएवढीच आहे, एवढ्यावर विसंबू नका. एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, तर दुसऱ्याचं धड लांब असू शकतं, आणि हार्नेसला मतलब धडाशी असतो. लेग स्ट्रॅप आणि चेस्ट स्ट्रॅप कमी-जास्त करता येतात. खांद्यापासून कमरेपर्यंत उभा जाणारा मेन लिफ्ट वेब मात्र बहुतेक हार्नेसमध्ये ठरावीक लांबीचा शिवलेला असतो. म्हणून आधी तोच पाहायचा.

रिग, म्हणजे हार्नेस, पाठीवरचा पॅराशूटचा कप्पा (कंटेनर) आणि पॅराशूट मिळून होणारा संच, मागवण्याआधी त्याचा सिरियल नंबर घ्या आणि उत्पादकाला पाठवा. सोबत आपली मापं द्या: उंची, वजन, छाती, कंबर, मांडीचा घेर, पायाची आतल्या बाजूची लांबी आणि गळ्याखालच्या खळग्यापासून जांघेपर्यंतचं धड. मूळ हार्नेस कोणत्या मापाचं शिवलं होतं हे त्यांच्या नोंदीत सहसा सापडतं. नंतर दुसऱ्या कोणी त्यात फेरफार केला असेल तर तो त्या नोंदीत असेलच असं नाही, त्यामुळे विक्रेत्याला वेगळं विचारा. मेन लिफ्ट वेबचा नुसता आकडा दोन कंपन्यांत ताडून पाहू नका. मोजायची पद्धत सारखी नसते.

रिग हातात आल्यावर उडीचा सूट घालूनच ती चढवा. लेग स्ट्रॅप उडीला आवळता तसे आवळा, मग चेस्ट स्ट्रॅप लावा आणि ताठ उभे राहा. थ्री-रिंगची, म्हणजे मुख्य पॅराशूट हार्नेसला जोडणाऱ्या खांद्याजवळच्या तीन कड्यांमधली, मोठी कडी गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली यायला हवी. ती खांद्यावर चढली तर वेब लांब आहे. छातीवर उतरली, खांदे दाबले गेले आणि पाठ सरळ करता येईना, तर आखूड. लेग स्ट्रॅप ढिले करून ताठ उभं राहता आलं म्हणून हार्नेस बसलं असं समजू नका.

आता कमरेकडे या. लॅटरल म्हणजे नितंबाच्या बाजूने कंटेनरच्या तळाशी जाणारा पट्टा. पुढे वाका आणि कोणाला तरी कंटेनरचा तळ मागे ओढायला सांगा. पाठ आणि कंटेनर यांच्यामध्ये मूठ सहज मावत असेल तर लॅटरल लांब आहे. असं कंटेनर फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पडताना, हलतं आणि पायलट शूटचं (मुख्य पॅराशूट ओढून काढणाऱ्या छोट्या पॅराशूटचं) हँडल नेहमीच्या जागी सापडत नाही. बसून किंवा डोकं खाली करून उडणाऱ्यांनी इथे तडजोड करू नये. लेग स्ट्रॅपचा अडजस्टर पॅडला टेकेपर्यंत आवळूनही पट्टा सैल राहत असेल, किंवा उलट पट्ट्याचं टोक जेमतेम बाहेर येत असेल, तर तोही मापाचा नाही.

खरी परीक्षा टांगून होते. रिगरच्या (पॅराशूटची तपासणी-दुरुस्ती करणाऱ्या प्रमाणित तंत्रज्ञाच्या) देखरेखीखाली रायझरवरून, म्हणजे हार्नेस आणि पॅराशूटच्या दोऱ्या यांना जोडणाऱ्या पट्ट्यांवरून, लटका. उभं असताना ठीक वाटलेलं लांब हार्नेस इथे उघडं पडतं: शरीर खाली सरकतं, कड्या कानाजवळ आणि चेस्ट स्ट्रॅप हनुवटीकडे येतो. हँडल्सही वर सरकतात. कटअवे (मुख्य पॅराशूट सोडून देणारं) आणि रिझर्व्ह (राखीव पॅराशूट उघडणारं), दोन्ही हँडल्स आधी डोळ्यांनी शोधा, मग हाताने पकडा. पकडायचीच, ओढायची नाहीत! टॉगलपर्यंत, म्हणजे पॅराशूट वळवायच्या मुठींपर्यंत, हात पोचतो का तेही पाहा. नंतर पोटावर आडवे होऊन आर्च करा (पाठ मागे कमानीसारखी वाकवा) आणि उजव्या हाताने पायलट शूटचं हँडल गाठा.

हार्नेसच्या लेबलवर कमाल वजन असतं, ते शरीर अधिक सगळं साहित्य असं धरून पाहा. रिझर्व्हची वजनमर्यादा वेगळी असते. दोन्हींतली कमी असेल तीच तुमची. कंबरेला आणि छातीला कड्या असलेलं हार्नेस शरीराबरोबर वळतं, पण चुकीची लांबी त्याने भरून निघत नाही.

माप थोडं चुकत असेल तर ते दुरुस्त होऊ शकतं, पण मेन लिफ्ट वेब बदलणं म्हणजे पट्टा उसवून नवा शिवणं. ते उत्पादकाकडून किंवा तसा अधिकार असलेल्या मास्टर रिगरकडूनच करून घ्या. त्याचा खर्च आणि वेळ आधी विचारा, आणि तो रकमेत धरूनच भाव ठरवा.