घरी बी-१२ चं इंजेक्शन घेताय? या चुका टाळा

रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं की डॉक्टर एक दिवसाआड इंजेक्शनं लिहून देतात. दोन-तीन झाली की वाटायला लागतं, एवढ्यासाठी राजारामपुरीतल्या दवाखान्यापर्यंत कशाला जायचं, घरीच टोचून घेऊ. घेता येतं. पण डॉक्टरांनी तशी मुभा दिलेली असावी, पहिली इंजेक्शनं दवाखान्यात झालेली असावीत आणि सिस्टरनी समोर बसवून निदान दोनदा तुमच्याच हातून करून घेतलेलं असावं. सकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघून संध्याकाळी सुई हातात घेणाऱ्यांनी आधी एवढं करावं, मग पुढचं वाचावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कमरेत टोचणं. इंजेक्शन म्हटलं की कमरेत, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मग माणूस आरशासमोर उभा राहून अंग पिळतो आणि हात मागे नेऊन अंदाजाने सुई घुसवतो. कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चतकोर गाठायचा असतो, पण पिळलेल्या अंगात तो कुठे सरकला ते कळत नाही. खाली मध्याकडे सायटिक नर्व्ह आहे, शरीरातली सगळ्यात जाड नस. सुई किंवा औषध तिच्यात गेलं की कमरेपासून पावलापर्यंत वीज गेल्यासारखी कळ येते. तरीही लोक दात दाबून दट्ट्या पूर्ण ढकलतात, कारण ‘औषध वाया जायला नको’. मग पाय बधिर होतो, पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. बरं व्हायला महिने जातात, काहींचं पूर्ण बरं होतच नाही.

यातली खरी फसगत पुढे आहे. बी-१२ कमी असलं की पायाला बऱ्याचदा मुंग्या येतात. त्यामुळे नसेला इजा झाली तरी घरचे म्हणतात, “जुनंच दुखणं हाय, इंजेक्शनं पुरी झाली की जाईल.” आणि आठवडे अंगावर काढले जातात. फरक ओळखायला सोपा आहे. कमतरतेच्या मुंग्या हळूहळू आणि बहुधा दोन्ही पायांना येतात. इंजेक्शननंतर एकाच पायाला अचानक बधिरपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कळ आली त्या क्षणी सुई बाहेर काढायची, औषध गेलं तर जाऊ दे.

स्वतः टोचायची जागा एकच, मांडी. खुर्चीवर बसा, पाय सैल सोडा. एक तळहात मांडीच्या सांध्याला लावा, दुसरा गुडघ्याच्या वर. मधला भाग आपला. त्यातही पायजम्याची बाहेरची शिवण येते तिच्या थोडं पुढे, म्हणजे मांडीची बाहेरची बाजू. मधोमध वर नको, आतल्या बाजूला तर नकोच, तिकडून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. सुई सरळ उभी, ९० अंशात, एका दमात घालायची. भीत भीत इंचाइंचाने घातली तर जास्त दुखतं. औषध मात्र सावकाश, १ मिलीला १० सेकंद. आज उजवी मांडी तर पुढच्या वेळी डावी, आणि कॅलेंडरवर तारखेपुढे ‘उ’ किंवा ‘डा’ लिहायचं. सिरिंजमध्ये रक्त दिसलं तर सगळं बाहेर काढून टाकून द्या, नवीन घ्या. दंडाचा नाद सोडा, एका हाताने तिथे नीट जमत नाही.

दुसरी चूक मधुमेह असलेल्या घरांत हमखास होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ बऱ्याचदा कमी होतं, आणि त्याच घरात इन्सुलिनच्या सिरिंज पडलेल्या असतात. बारीक सुई, दुखत नाही, मग तीच वापरू! ती सुई बहुधा ६ ते ८ मिलिमीटरची असते, म्हणजे औषध स्नायूत न जाता कातडीखालच्या चरबीत राहतं. (डॉक्टरांनीच कातडीखाली घ्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.) शिवाय तिच्यावरच्या रेघा मिलीच्या नसतात, युनिटच्या असतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे १ मिली, १०० युनिटवाल्या सिरिंजमध्ये १०० युनिट म्हणजे १ मिली. दोन्ही घरात असतील तर गोंधळ ठरलेला. मेडिकलमध्ये सरळ ‘२ सीसीची सिरिंज, २४ नंबर, एक इंची सुई’ मागा. २४ नंबरचा बुडखा जांभळा, २३ चा निळा, दोन्ही चालतात. अंगकाठी फार बारीक किंवा जाड असेल तर सुईची लांबी सिस्टरना विचारा. एक सुई जास्तीची घ्या. औषध ओढायला एक, टोचायला दुसरी. औषधाच्या काचेच्या कुपीवर (अँप्युलवर) घासलेली सुई बोथट होते.

अँप्युल फोडताना अधीरपणा नडतो. आधी डोक्यावर टिचकी मारून वर अडकलेलं औषध खाली उतरवा. मानेवर ठिपका असेल तर तो आपल्याकडे, अंगठा ठिपक्यावर, आणि डोकं आपल्यापासून लांब मोडायचं, बोटांभोवती गॉज धरून. सुई तळाला टेकवून शेवटचा थेंब ओढू नका, काचेचे कण तिथेच बसलेले असतात.

आठवड्याच्या सिरिंज रविवारीच भरून ठेवणं हा तर आळसाचा कळस. मिथाइलकोबालामिनला, म्हणजे इंजेक्शनातल्या बी-१२ ला, उजेड सोसत नाही, म्हणूनच अँप्युल तपकिरी काचेची असते आणि खोक्यात येते. फोडलं की लगेच घ्यायचं, उरलं तर फेकायचं.

स्पिरिट वाळू द्या, अर्धा मिनिट. ओल्यावर टोचलं की चरचरतं. फ्रीजमधली अँप्युल तशीच टोचू नका. छोटा बुडबुडा राहिला तर घाबरू नका, स्नायूत तो काही करत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय सुई नाही. दुखणं थांबवणारं डायक्लोफिनॅक त्याच सिरिंजमध्ये मिसळणं बंद करा.

रक्त न तपासता सुरुवात करू नका. एकदा इंजेक्शन गेलं की बी-१२ चा आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता किती होती, कशामुळे होती, ते शोधणं अवघड होतं. तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांनी ‘ताकदीसाठी’ बी-कॉम्प्लेक्स टोचून घेणं मला अजिबात मान्य नाही. कमतरता नसेल तर त्याने ताकद येत नाही, आणि त्यातल्या बी-१ ची क्वचित जोरदार ॲलर्जी येते. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप, यांतलं काही दिसलं तर १०८ लावा. म्हणूनच इंजेक्शननंतर १५ मिनिटं बसून राहायचं, तेही घरात दुसरं कुणी असताना.

आणि डी जीवनसत्त्वाचं ६ लाख युनिटचं तेलकट इंजेक्शन घरी कधीच नाही. ते आठवड्याला एक असं घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, सारखी तहान लागते, मूत्रपिंडं बिघडतात.

वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका, बोटात घुसण्याची वेळ तीच. फिनेलची रिकामी जाड बाटली जवळ ठेवा, सुई टोचल्या टोचल्या तिच्यात. फुटकी अँप्युल दुसऱ्या बाटलीत. पाऊण भरल्या की झाकण घट्ट लावून ज्या दवाखान्यात इंजेक्शन शिकलात तिथे नेऊन द्या, घंटागाडीत टाकू नका. तो कचरा माणसं हाताने निवडतात.