पिकअप ट्रकमध्ये इथेनॉलमुक्त पेट्रोल भरावे की मिश्रित? या चुका टाळा

भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले आणि जुन्या गाड्यांचे ॲव्हरेज कमी होण्याविषयी तिकडे सुरू झालेली चर्चा फोनवरून अमेरिकेतील नातेवाइकांपर्यंतही आली. त्या धास्तीने काही जण नवाकोरा पिकअप ट्रक घेऊन इथेनॉलमुक्त पेट्रोलचा, म्हणजे ई-० चा, पंप शोधत लांबवर जातात. अमेरिकेतील परिस्थिती मात्र वेगळी आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व पेट्रोलमध्ये मक्यापासून बनवलेले इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत असते, २००५ च्या ऊर्जा कायद्यापासून त्याला संघीय धोरणाचे पाठबळ आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांतले ट्रक हे ई-१० गृहीत धरूनच तयार झाले आहेत. तेव्हा निवड करताना इंजिन इंधनाचे प्रमाण कसे ठरवते आणि भरलेले पेट्रोल टाकीत किती काळ पडून राहणार आहे, या दोनच गोष्टी आधी पाहाव्यात.

रोजच्या ट्रकसाठी ई-० वर पैसे घालवणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. इथेनॉलमध्ये दर गॅलनमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-१० वर मायलेज साधारण ३ टक्क्यांनी घटते. ई-० वापरले तर एवढेच परत मिळते, त्याहून अधिक नाही. आता हिशेब करून पाहा. ई-१० वर २० मैल प्रति गॅलन देणारा ट्रक ई-० वर साधारण २०.६ मैल देईल. ई-१० चा भाव ३ डॉलर धरला, तर ई-० हे ३ डॉलर ९ सेंटपर्यंतच परवडते. भाव ३ डॉलर ६० सेंट असेल, तर वर्षाला १२,००० मैल चालणाऱ्या ट्रकवर जवळजवळ ३०० डॉलर जास्त जातात आणि त्या बदल्यात इंजिनाला काहीही विशेष मिळत नाही. ट्रक ई-० वर ‘हलका पळतो’ असे सांगणारे भेटतात. त्यांनी तीन-चार टाक्यांचे गॅलन आणि मैल वहीत लिहून मगच मत बनवावे, कारण डॅशबोर्डवरचा आकडा वारा, थंडी, टायरमधील हवा आणि मागे जोडलेला ट्रेलर यांनीही ३ टक्क्यांहून अधिक हलतो.

पंपावरचे आकडे चुकीचे वाचणे

पंपावर ८७ आणि ८९ या ऑक्टेनच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी पेटू न देण्याच्या क्षमतेच्या, आकड्यांमध्ये ‘अनलेडेड ८८’ असे बटण दिसले आणि ते ८७ पेक्षा स्वस्तही असले, तर ते दाबण्याचा मोह होतो. हे ई-१५, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल, असते. २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या कार व हलक्या ट्रकसाठी पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याला परवानगी दिली आहे, त्यामुळे अशा ट्रकमध्ये ते गेल्यास घाबरण्याचे कारण नाही; तरीही उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांची मर्यादा लिहिली असेल, तर वॉरंटीच्या दृष्टीने तीच पाळावी. खरी अडचण पुढे येते. त्याच नळीने मागच्या हौद्यातला कॅन भरला जातो आणि ते पेट्रोल गवत कापण्याच्या यंत्रात, जनरेटरमध्ये किंवा बोटीच्या इंजिनात जाते, जिथे ई-१५ ला परवानगीच नाही. पंपावरची नारिंगी-काळी पट्टी याच इशाऱ्यासाठी असते.

ऑक्टेनचा आकडा आणि इथेनॉलचे प्रमाण या निरनिराळ्या बाबी आहेत, हेही लक्षात ठेवावे. इथेनॉल स्वतः ऑक्टेन वाढवते, म्हणून ‘इथेनॉल नाही, म्हणजे दर्जा वरचा’ हा तर्क टिकत नाही. ई-० बऱ्याच ठिकाणी ९० किंवा ९१ ऑक्टेनचे मिळते, पण ८७ वर चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला त्या जादा ऑक्टेनचा उपयोग नसतो. उलट, फोर्डचे ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिन ८७ वर चालत असले, तरी जड ट्रेलर ओढताना प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल, वापरण्याची शिफारस आहे. तिथे पाहायचे ते ऑक्टेन, इथेनॉल नव्हे. मिनेसोटामध्ये तर ई-० च्या पंपावर ते संग्राह्य जुन्या गाड्या, मोटारसायकली, बोटी, स्नोमोबाइल आणि छोटी इंजिने यांच्यासाठीच असल्याची सूचना लावलेली असते, म्हणजे रोजच्या ट्रकमध्ये ते भरणे नियमातच बसत नाही.

उभ्या राहणाऱ्या ट्रककडे दुर्लक्ष

ई-० चा पैसा जिथे खरोखर वसूल होतो, तिथे मात्र तो खर्च करायचे राहून जाते. हिवाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रक, वर्षातून दोनदा निघणारा जुना शेव्हरोले सिल्व्हराडो ट्रक, बर्फ पडला तरच चालणारे यंत्र, अशा ठिकाणी पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. सुमारे १५ अंश सेल्सिअसला एका गॅलन ई-१० मध्ये साधारण २० मिलिलिटर पाणी विरघळून राहू शकते. त्याहून जास्त झाले किंवा तापमान घसरले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन उतरते आणि इंधन पंप नेमका तळातलाच थर आधी खेचतो. एकदा असे झाले, की बाटलीतले कोणतेही औषध ते मिश्रण पूर्ववत करत नाही. टाकी रिकामी करणे हाच उपाय उरतो. पेट्रोल जास्त काळ टिकवणारा स्टॅबिलायझर टाकायचा असेल, तर तो ट्रक उभा करण्यापूर्वी ताज्या पेट्रोलमध्ये टाकावा आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवून तो नळ्यांपर्यंत पोचू द्यावा.

येथे उलट बाजूही सांगायला हवी. ई-० मध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही, ते सरळ तळाशी बसते. त्यामुळे टाकीचे झाकण गळके असेल, तर ई-० भरूनही प्रश्न सुटत नाही. आधुनिक ट्रकची इंधन प्रणाली बंदिस्त असल्याने दर आठवड्याला टाकी भरणाऱ्याला ही चिंता मुळात नसते.

कार्ब्युरेटरच्या ट्रकला नवा समजणे

फ्युएल इंजेक्शन असलेल्या ट्रकमध्ये ऑक्सिजन सेन्सर इंधनाचे प्रमाण सतत दुरुस्त करतो. जुन्या ट्रकमधील कार्ब्युरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळणारा भाग, याला हे जमत नाही. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-१० ला १४.१ पट. म्हणजे जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) न बदलता ई-१० भरले, की जुने इंजिन थोडे लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालते, उन्हाळ्यात नळीत वाफ धरण्याची शक्यता वाढते, आणि कॉर्क व जुन्या रबराच्या गास्केट फुगतात किंवा तडकतात. अशा ट्रकसाठी ई-० हीच योग्य निवड आहे. ते परिसरात मिळत नसेल, तर इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि फ्युएल फिल्टर लवकर बदलावा, कारण वर्षानुवर्षे टाकीत साचलेला मळ इथेनॉलने सुटतो आणि पहिल्या काही टाक्यांतच फिल्टर तुंबतो.

बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडणे

चेक इंजिन लाइट लागून पी०१७१ किंवा पी०१७४ हे लीन कोड आले, की बरेच जण पेट्रोल बदलून पाहतात. ई-० आणि ई-१० यांतला फरक संगणकाला फक्त ४ टक्के दुरुस्तीने भरून काढता येतो, आणि एवढ्याने कोड लागत नाही. व्हॅक्यूमची गळती, मळलेला हवा-प्रवाह सेन्सर किंवा थकलेला इंधन पंप आधी तपासावा.

अपवाद ई-८५ चा. त्यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असते आणि ते फक्त फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे साधे पेट्रोल व ई-८५ दोन्हींवर चालणाऱ्या, ट्रकसाठी असते. टाकीचे पिवळे झाकण, मागचे चिन्ह आणि मॅन्युअल यांवरून ट्रक त्यातला आहे का, हे कळते. साध्या ट्रकमध्ये चुकून दोन-तीन गॅलन गेले असतील आणि टाकीत आधीचे पेट्रोल बरेच असेल, तर वरून साधे पेट्रोल भरून सौम्य चालवावे. टाकी जवळजवळ ई-८५ नेच भरली असेल, तर इंजिन सुरू करू नये. ट्रक ओढून नेऊन टाकी उपसून घ्यावी.

पंपावरच्या पाटीविषयी शंका आली, तर मापाच्या काचेच्या नळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घ्यावे, नळी हलवून स्थिर होऊ द्यावी. हे काम उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर करावे. तळाचा थर १० वरच राहिला, तर इथेनॉल नाही. तो १९ च्या आसपास चढला, तर ते ई-१० आहे आणि ई-० चा भाव देण्याचे कारण नाही.